शिव्यांच्या ठेक्यावर जिना

म्हातारी माणसं माझ्याइतकी नाचवलेला नाशकात दुसरा माणूस नाही. असेल कुणी तर त्यानं समोर यावं. आपण गुडघे मोजून घेऊ. माझ्या वर्गातली काही मंडळी पुढं थेट वर गेली, पण जाताना बऱ्यापैकी तालात गेली, असं मी चारचौघांत सांगतो. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते ज्यानं त्यानं आपल्या वकुबाप्रमाणे ठरवावं.

मी मूळचा गॅदरिंगचा मास्तर. थंडीत शाळांची स्नेहसंमेलनं, भाद्रपदात मंडळांची लेझीम पथकं, आणि मधले महिने देवाच्या भरवशावर. निम्म्या नाशिकनं लहानपणी माझ्या हाताखाली कोळी होऊन जाळं फेकलंय. उरलेल्या निम्म्यानं मासे म्हणून काम केलंय. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, देवरे नावाचे गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. गंगापूर रोडला, तेव्हा गावाबाहेरच म्हणावा अशा जागी, द्राक्षमळ्यांच्या मधे एक वृद्धाश्रम होता. त्याचे हे व्यवस्थापक.

"मास्तर, आमच्या मंडळींना नाचवायचंय."

"कधी आहे कार्यक्रम?"

"कार्यक्रम नाही. रोज."

झालं होतं असं, की आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी तंबी दिली होती. माणसं दिवसभर बसून असतात, सांधे गंजतात, त्यांना हलवा. देवऱ्यांनी आधी एक कवायतीचे सर आणले. ते शिट्टी वाजवून एक-दोन-तीन-चार करायला लागले. पहिल्या दिवशी सगळे आले, दुसऱ्या दिवशी निम्मे, आणि तिसऱ्या दिवशी एकटे सर हात वर-खाली करत होते आणि मंडळी खिडकीतून चहा पीत बघत होती. तेव्हा कुणीतरी माझं नाव सुचवलं. सुचवणारी बाई पूर्वी माझा मासा होती.

पहिल्याच दिवशी माझी गाठ पाटणकरांशी पडली. पाटणकर म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून जन्म काढलेला माणूस. जगातली कुठलीही वस्तू आधी हलवून बघायची आणि मग नापास करायची, ही त्यांची सवय. त्यांनी मला नखशिखांत हलवून बघितल्यासारखं बघितलं.

"मास्तर, याचा उद्देश काय?"

"व्यायाम."

"मग नाच कशाला?"

"व्यायाम म्हटलं की तुम्ही येत नाही."

"आणि नाच म्हटलं की लाज वाटते."

"लाज वाटली की रक्त तोंडाकडं धावतं, पाटणकर. तेवढाच व्यायाम."

ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी येऊन त्यांनी सगळ्या खुर्च्या एकेक करून हलवल्या, डुगडुगणाऱ्या बाजूला काढल्या आणि बाकीच्यांवर खडूनं बरोबरची खूण केली. माझी खुर्ची त्यांनी नापास केली. पुढची सगळी वर्षं मी उभ्यानं शिकवलं.

आता हा धंदा नेमका काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की मी आजोबांना ठुमके मारायला लावत होतो. आमचा बहुतेक नाच बसून. टाच खाली, चवडा वर; चवडा खाली, टाच वर. गुडघा उचलायचा, टाळी डोक्यावर, टाळी मांडीवर, शेजारच्याच्या हाताला हात. आणि खुर्चीच्या दांड्याला न धरता उठून उभं राहणं ही आमची सगळ्यात मोठी उडी. गिरकी वर्ज्य. मोजे घालून फरशीवर उभं राहणं वर्ज्य. जेवणानंतर तर बोटसुद्धा हलवायचं नाही. आणि एक गोष्ट मी या मंडळींकडून शिकलो: म्हातारा माणूस चालताना पडत नाही, वळताना पडतो. मागनं कुणी हाक मारली की मान आधी फिरते, पाय तिथंच राहतात, आणि मधलं सगळं कोसळतं. म्हणून माझ्या वर्गाचा पहिला धडा: हाक यमाची असली तरी आधी पाय वळवायचे, मग मान.

दुसरा धडा मला महागात पडला. म्हटलं, जुनी माणसं आहेत, जुनी गाणी लावावीत. त्यांच्या तरुणपणचं एक गाणं लावलं. कडवं संपायच्या आत निम्मा वर्ग डोळ्याला पदर लावून बसला आणि उरलेला निम्मा त्यांची समजूत घालायला लागला. व्यायाम झाला तो फक्त माझा, पाण्याचे पेले आणून देण्याचा. शब्द आले की आठवणी येतात आणि आठवणी आल्या की पाय थांबतात. त्यानंतर मी एका ढोलकीवाल्याकडून नुसत्या ठेक्यांची कॅसेट भरून घेतली. शब्द नाहीत, सूर नाहीत, फक्त ढोलकी. ती टेपवर लागली की खाटेवर झोपलेल्या माणसाचीही बोटं चादरीवर चालू लागत.

तिसरा नियम मात्र मंडळींनीच केला. आश्रमात कुणी गेलं की टेप किती दिवस बंद ठेवायची? कुणी म्हणालं तेरा दिवस. मी म्हटलं, वृद्धाश्रमात तेरा दिवसांचे दुखवटे पाळायचे तर माझा वर्ग अधिक महिन्यासारखा तीन वर्षांतनं एकदा भरेल. बरीच वादावादी झाली. शेवटी पाटणकरांनी मसुदा केला: तीन दिवस गाणं-वाजवणं बंद, टाळीसुद्धा बंद, कारण टाळी हेही वाद्यच, मात्र हालचाल चालू ठेवायला हरकत नाही. म्हणजे कुणी गेलं की आम्ही तीन दिवस मुक्यानं नाचायचो. बाहेरून बघणाऱ्याला वाटत असेल, इथं माणसं वारली नाहीत, चळली आहेत.

आता इंदूताई आणि ठकूमावशी.

आश्रमाच्या बंगल्याला वरचा मजला होता. वरच्या खोल्या उजेडाच्या, वाऱ्याच्या, मळे दिसणाऱ्या. खाली बाकीचे, आणि सगळ्यात मागं एक लांबट हॉल होता. अंथरुणाला खिळलेल्यांचा. त्याला नाव नव्हतं, नुसतं 'मागं' म्हणायचे. 'अमक्यांना मागं नेलं' म्हटलं की ऐकणारा गप्प होई, कारण मागं गेलेलं माणूस पुढं आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. विश्वस्तांचा नियम असा: वर राहायचं असेल तर वर आपल्या पायांनी जायचं.

वरच्या एका खोलीत या दोघी. इंदूताई नाशिक शहरातल्या, एका कारकुनाच्या पत्नी, बोलणं तुपातलं, साडीची घडी मोडली तर दिवस मोडला म्हणणाऱ्या. ठकूमावशी वणीच्या. जन्मभर बाजारात मिरच्या विकलेल्या, आणि तो तिखटपणा जिभेत मुरलेला. त्यांनी वणीच्या बाजारात हाक मारली की गडावरची माकडं खाली उतरत. एकीला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. एकीला मिश्रीचा वास सहन होत नाही, दुसरीला रेडिओवरची शास्त्रीय गाणी. देवऱ्यांनी त्यांना वेगळ्या खोल्या देऊ केल्या तेव्हा दोघींनी वेगवेगळं येऊन एकच उत्तर दिलं: "मी कशाला हलू? तिला हलवा."

एका पावसाळ्यात इंदूताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड गेलं, ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यातून आल्यावर 'तात्पुरतं' म्हणून त्यांना खाली ठेवलं. देवरे मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, दिवाळीनंतर विश्वस्त येतील. तोवर वर जाता आलं तर ठीक. नाहीतर वरची खाट दुसऱ्याला द्यावी लागेल, आणि यांना..." त्यांनी मानेनं मागं दाखवलं.

वर ठकूमावशींचं राज्य एकटीचं झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, आता खिडकी बंद ठेवा खुशाल."

"लय बरं झालं गेली ते. तिच्या खाटेचं लाकूड इकून मी बकरी घेनार हाय."

पण तिच्या खाटेवर त्यांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. भर पावसाळ्यात, खोलीत, पंख्याखाली. कुरडया काही वाळत नव्हत्या, त्यांना बुरशी धरली होती. पण कुणी ती खाट बघायला आलं की मावशी म्हणत, "दिसत नाय का? वाळवन हाय तिथं. हात नको लावू." दोन बायका खाट बघून परत गेल्या. मावशींनी बुरशी धरलेल्या कुरडया टाकल्या आणि ताज्या घातल्या.

मी इंदूताईंना जिना शिकवायला घेतला. त्या जिन्याला पायऱ्या किती होत्या हे विचारू नका. ही हकीकत मी जितक्यांदा सांगितली तितक्यांदा त्याला एकेक पायरी वाढली. आता तो साधारण ढगात पोचलाय. पण तो उभट होता हे खरं, आणि त्याला मधोमध एक वळण होतं हे त्याहून खरं. चढायची रीत साधी आहे: वर जाताना चांगला पाय आधी ठेवायचा, दुखरा त्याच्याजवळ आणायचा, खाली येताना दुखरा आधी. कळायला सोपं. पण ज्या पायानं एकदा दगा दिला त्याच्यावर पुन्हा भार टाकायचा म्हणजे फितूर सरदाराच्या हाती किल्ल्याच्या चाव्या देण्यासारखं. इंदूताई पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आणि विचारात पडायच्या. विचार आला की संपलं. नाचात विचार करायला वेळच द्यायचा नसतो.

म्हणून मी ढोलकी लावली. ठेक्यावर चांगला पाय, ठेक्यावर दुखरा पाय, मधे एक ठेका श्वासाला. आणि बाई चढायला लागली! आधी वळणापर्यंत, मग वळणावर उभी राहून पाय फिरवून, मग वर. ढोलकी बंद केली की जिथल्या तिथं खांबासारखी उभी. पुन्हा लावली की चालू. देवरे म्हणाले, "विश्वस्तांसमोर टेप चालेल. नियमात ढोलकीला बंदी नाही." मी गावभर सांगून मोकळा झालो, की मोडलेल्या हाडाला मी ढोलकीनं सांधलंय.

विश्वस्त यायच्या आदल्या दिवशी भिवाबाबा गेले.

भिवाबाबा मूळचे हरसूलकडचे, आश्रमाचे जुने माळी, थकल्यावर तिथंच राहिलेले. माझ्या वर्गातला खरा नाच येणारा एकच माणूस. त्यांच्याकडच्या नाचात शेजारच्याच्या कमरेला हात घालून सगळी रांग एकत्र डोलते. मला म्हणत, "मास्तर, असा धरला ना, मंग एकटा कोन पडत नाय." ते झोपेत गेले. आम्ही सगळे रडलो, आणि रडता रडता माझ्या लक्षात आलं: तीन दिवस टेप बंद.

मी पाटणकरांकडं गेलो. "उद्या एकदाच. अगदी बारीक आवाजात."

"मास्तर, नियम तुम्हीच करून घेतलात."

"निदान टाळी?"

"टाळी हेही वाद्यच." ते तोंड फिरवून बसले. नंतर कळलं, भिवाबाबांशी ते रोज बुद्धिबळ खेळत. भिवाबाबांना बुद्धिबळ येत नव्हतं. पाटणकर त्यांच्याही सोंगट्या आपणच हलवत.

विश्वस्त आले. अध्यक्ष मधाळ बोलणारे, वाईट बातमी पेढ्यासारखी हातावर ठेवणारे. सगळी मंडळी जिन्याखाली जमली. इंदूताईंनी कठड्याला हात लावला, चांगला पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि उभ्या राहिल्या. शांतता अशी, की मळ्यातला पंप ऐकू येत होता. मी ओठ हलवून ठेका देतोय, मान हलवतोय, पण त्यांचं लक्ष त्या पायात अडकलेलं.

"घाई नाही हं, आजी," अध्यक्ष म्हणाले. "आणि नाही जमलं तरी खाली काय वाईट आहे? औषधाला सोपं, दवाखान्याला सोपं."

इंदूताईंनी पाय परत खाली घ्यायला उचलला. तेवढ्यात वरच्या कठड्यावरून वणीचा बाजार भरला.

"अगं ये इंदे! भवाने! तिथं काय मुहूर्त बघतीस का?"

इंदूताईंनी वर पाहिलं. कान लाल झाले. "तोंड सांभाळा, ठकूबाई. मोठी माणसं आली आहेत." आणि हे म्हणताना पाय पडला. खाली नाही, पायरीवरच.

"मोठी मानसं काय चढनारेत तुझ्याऐवजी? उचल त्यो पाय! खुटा मारलाय का त्याला?"

"खुंट्या तुम्ही मारा. माझ्या कॉटवर कुरडया घातल्यात म्हणे!" दुसरा पाय.

"घातल्या! आज पापड बी घालनार हाय!"

"बघतेच!" पुढची पायरी.

"ये ना बघाया! तिथनं काय दिसनार, आंधळे?"

"येतेच आहे!"

जन्मभर ताल मोजलेला माणूस मी. शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला किंमत नाही हे माहीत असून सांगतो: शिवी टाळीवर पडत होती आणि उत्तर पावलावर. मधे श्वासाला एक जागा. वळण आलं तेव्हा मावशी एकदम थांबल्या. इंदूताईंनी आधी पाय फिरवले, मग मान, मग श्वास घेतला, आणि वरून पुढची शिवी सुटली. ती मी इथं लिहीत नाही. हा अंक घरोघरी जातो. इंदूताई वर पोचल्या, थेट खोलीत शिरल्या, आणि कुरडयांचं एक ताट जिन्यावरून घरंगळत खाली आलं.

अध्यक्षांनी देवऱ्यांना विचारलं, "दुखवटा आहे म्हणालात. मग हे?"

पाटणकर पुढं झाले. "गाणं-वाजवणं बंद आहे. भांडणाचा उल्लेख मसुद्यात नाही."

त्या दिवसापासून जिन्यावरची ढोलकी गेली ती गेलीच. टेप लावली तरी इंदूताई म्हणत, "राहू द्या, मास्तर. ठकूबाईंना बोलवा, त्यांना तेवढंच काम." उतरताना शिव्या बंद, उतरताना हसू आलं तर पाय सुटतो, त्यामुळं तो प्रवास कठड्याला धरून मुकाट्यानं. पण रोज जेवण झालं, थोडी विश्रांती झाली, की वर जायचा कार्यक्रम. मंडळी चहाचे कप घेऊन जिन्याखाली बसत. एका डॉक्टरनं मला विचारलं, ही कुठली उपचारपद्धती? मी म्हटलं, "वणी पद्धत. परदेशात अजून पोचलेली नाही."

माझी बढाई हा संसर्गजन्य रोग आहे. तो देवऱ्यांना झाला. इंदूताईंचा मुलगा सुहास पुण्याला असे आणि दर रविवारी ऑफिसात फोन करी. एका रविवारी देवरे माझ्या तोंडची वाक्यं त्याला म्हणाले, "अहो, आई जिना काय, गड चढतील गड!"

पुढच्या रविवारी सुहास गाडी घेऊन येणार असल्याचा निरोप आला. आईला घरी न्यायला.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्याची बायको बाळंतपणाला टेकली होती, दोघांच्या नोकऱ्या, घरात विश्वासाचं माणूस हवं. आई पडली तेव्हा तिला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. आता बाळ सांभाळायला आई हवी होती, आणि आई चढत होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हिशेब सरळ होता.

इंदूताईंनी मला वर्गानंतर थांबवलं. "मास्तर, सुहास तुम्हाला विचारेल. मला तीन मजले झेपतील का म्हणून. काय सांगाल?"

"खरं तेच सांगेन."

"तुम्ही?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाळाचं करायला आवडेल हो मला. पण तिथं हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं. सगळे उठून गेले की उठायचं, सगळे झोपले की झोपायचं. आणि तिथं माझ्याशी सगळे फार चांगलं बोलतात, मास्तर. दिवसभर चांगलंच बोलतात."

"मग नाही म्हणा त्याला."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांना स्टेजवर गिरकी घ्यायला सांगितलंय. नाही म्हणणं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. आयुष्यात त्यांनी उलट उत्तर दिलेली एकच व्यक्ती होती, आणि ती वर मिश्री लावत बसली होती.

ठकूमावशींना मी काही सांगितलं नाही. आश्रमात काही सांगावं लागत नाही.

रविवारी सुहास आला तेव्हा वर्ग चालू होता. इंदूताई रांगेत उभ्या, शेजारणीच्या कमरेला हात. त्याचा चेहरा उजळला. "आई! अगं, तू तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस. चल, सामान बांधू." मग माझ्याकडं वळला. "सर, तीन मजले. रोज एकदा तरी. झेपेल ना?"

आता माझी काय अवस्था झाली बघा. बढाई मारण्यासाठी मी जन्मलो, आणि जन्मात एकदाच अशी वेळ आली की मारली असती तरी ती खरी ठरली असती. हो म्हणालो असतो तर पुण्यापर्यंत माझं नाव गेलं असतं. माझं तोंड उघडलंही. इंदूताई फरशीकडं बघत होत्या.

"तुम्हीच बघा," मी म्हटलं.

"हो, आई, दाखव ना. इथला जिना चढून दाखव."

आम्ही सगळे जिन्याशी गेलो. इंदूताईंनी कठड्याला हात लावला, पाय पहिल्या पायरीवर ठेवला. वर कठड्याशी ठकूमावशी उभ्या होत्या. सगळ्या आश्रमानं माना वर केल्या. कपबश्या थांबल्या.

मावशींनी पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मी त्या बाईला झोपेत शिव्या देताना ऐकलंय. भिवाबाबांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांना, नीट उचला रे मुडद्यांनो, म्हणताना ऐकलंय. त्या जिन्याच्या टोकाला ती बाई उभी होती, डोळे वटारलेले, गालाचा फुगा झालेला, आणि तोंडातून अक्षर नाही. इंदूताई खाली तशाच. पाय पायरीवर, मान वर. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. आणि पाय काही हलला नाही. हलत नव्हता की हलवत नव्हत्या, हे मला आजही सांगता येत नाही, आणि मला सगळंच सांगता येतं.

"नेहमी कसं करता? काही म्युझिक वगैरे लावता का?" सुहासनं विचारलं. टेप माझ्या काखेतच होती.

"दुखवटा आहे," माझ्या मागनं पाटणकर म्हणाले.

"अरेरे. कोण गेलं?"

उभ्या जन्मात एक खोटी खूण न केलेला तो माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इथं कुणाचा ना कुणाचा असतोच," ते म्हणाले.

देवरे भिंतीवरच्या सूचना फलकाकडं तोंड करून उभे होते. त्यावर आठवड्याच्या भाज्या लिहिलेल्या असत. ते फार लक्ष देऊन वाचत होते.

सुहास बराच वेळ थांबला. मग त्यानं स्वतः जाऊन आईचा पाय खाली घेतला, तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "असू दे, आई. बघू आपण दुसरं काहीतरी. बाळ झालं की घेऊन येईन तुला दाखवायला." इंदूताईंनी मान डोलवली, त्याच्या केसांवरून हात फिरवला. तो बाळ घेऊन आलाही. पण तोवर बाळ चालायला लागलं होतं.

गाडीकडं जाताना तो माझ्याजवळ थांबला. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं म्हणाला, "सर, एक विचारू? इतके दिवस तुम्ही इथं नेमकं शिकवता तरी काय?"

माझ्याकडं त्या प्रश्नाची तयार उत्तरं होती. ढोलकीनं हाड सांधल्याचं होतं. वणी पद्धतीचं होतं. निम्म्या नाशकाचं होतं.

"टाळ्या," मी म्हटलं. "बसल्या बसल्या टाळ्या वाजवायला शिकवतो."

"हं," तो म्हणाला. "छान."

गाडी फाटकाबाहेर गेली. मंडळी हळूहळू पांगली. मी वर्गाच्या खोलीत परत येऊन टेपची वायर गुंडाळत बसलो; ती त्या दिवशी फार गुंतली होती. इंदूताई जिना कधी चढल्या ते मी पाहिलं नाही. शिव्याही ऐकू आल्या नाहीत. बऱ्याच वेळानं वरच्या खिडकीतून आवाज आला.

"पोरगं लय वाळलं तुझं. जेवाया तरी थांबवायचं व्हतं का नाय?"

"तुम्ही मला नका शिकवू, ठकूबाई."

"कुनीतरी शिकवाया नको? तुझ्यावानी आई असल्यावर..."

"सरका आधी. बसू द्या मला."